समुद्रातलं प्लास्टिक बाहेर कसं काढतात? केरळच्या मच्छीमारांनी शोधलेली वाट

मासेमारीच्या जाळ्यात आता माशांसोबत पिशव्या, बाटल्या, तुटलेली जाळी आणि दोर येतात. पूर्वी खलाशी मासे निवडून घ्यायचे आणि कचरा परत पाण्यात टाकायचे. त्यांचाही नाइलाज होता. बोटीवर जागा कमी, आणि बंदरावर आणला तरी तो द्यायचा कुणाला?

केरळच्या कोल्लम जिल्ह्यात शक्तिकुळंगरा बंदर आहे. तिथे २०१७ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकाराने 'शुचित्व सागरम्' ही योजना सुरू झाली. बोटींना कचरा भरण्यासाठी पिशव्या दिल्या. जाळ्यात आलेलं प्लास्टिक त्यात भरायचं आणि बंदरावर उतरवायचं, एवढंच खलाशांचं काम. पुढचं काम बायका करतात, बहुतेक मच्छीमार घरांतल्याच. त्या कचरा निवडतात, धुतात, वाळवतात आणि मशीनवर त्याचा बारीक चुरा करतात. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे २५ टन कचरा बाहेर आला. वजनाने बघितलं तर उसाच्या दोन-एक ट्रकांएवढा. पण पातळ पिशव्या एका किलोत शेकड्याने बसतात, हे विसरू नये. ट्रॉलरचं जाळं तळाशी ओढलं जातं, त्यामुळे वरून न दिसणारा कचराही त्यात सापडतो.

या चुऱ्याचं काय होतं? तो डांबरी रस्त्यात जातो. ही पद्धत मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी विकसित केली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खडी तापवतात, तिच्यावर चुरा टाकतात. तो वितळून खडीवर थर बसतो आणि मग डांबर मिसळतात. त्यामुळे डांबरही थोडं कमी लागतं. मात्र सगळंच प्लास्टिक यात चालत नाही. पीव्हीसी पाइपचे तुकडे तापले की विषारी वायू सुटतो, म्हणून आधी निवडावंच लागतं.

खोल समुद्रात हेच काम फार अवघड जातं. नेदरलँड्सच्या बोयान स्लाट या तरुणाने २०१३ मध्ये 'द ओशन क्लीनअप' संस्था काढली. २०१८ मध्ये त्यांनी प्रशांत महासागरात सुमारे ६०० मीटर लांबीची तरंगती नळी सोडली. प्लास्टिक तिच्यात टिकेना, निसटून जाई, आणि वर्ष संपता संपता तिचा एक तुकडाच तुटला. त्यानंतर दोन जहाजं मिळून लांब जाळं ओढू लागली, त्यात कचरा सापडला. त्या भागातल्या तरंगत्या कचऱ्यात वजनाने जवळपास निम्मी मासेमारीची जाळीच आहेत, असं या संस्थेच्या अभ्यासात दिसलं. सुटलेलं जाळं कुणी ओढत नसलं तरी मासे आणि कासवं त्यात अडकतच राहतात.

नंतर याच संस्थेने नद्यांच्या तोंडाशी कचरा अडवणारी यंत्रंही बसवायला सुरुवात केली. आपल्याकडचा अनुभवही तिकडेच बोट दाखवतो. मुंबईत वर्सोवा किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ पासून सफाई सुरू केली, माणसं जोडली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला. मार्च २०१८ मध्ये या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. पण किनारा साफ केला तरी भरतीसोबत नवा कचरा येतोच. पुढे शाह आणि त्यांचे सहकारी मिठी नदीच्या सफाईकडेही वळले.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या गावांचा संबंध इथेच येतो. कृष्णा, गोदावरीचं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं, वाशिष्ठी, सावित्रीचं अरबी समुद्राला. ओढ्याकाठी टाकलेला मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या पिशव्या पहिल्या मोठ्या पुरात पुढे सरकतात. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा तर कुणी उचलतही नाही. राज्यात जून २०१८ पासून प्लास्टिकबंदी लागू आहे, केंद्राने १ जुलै २०२२ पासून काही एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्या मात्र त्या यादीत नाहीत. त्या गोळा करून भंगारवाल्याला द्यायच्या की बांधावर पडू द्यायच्या, हे सध्या ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.