वजन आणि देहरचना : एका मापाचा इतिहास

मनुष्याची शारीरिक पात्रता वजनावरून ठरवावी, ही कल्पना आज स्वयंसिद्ध वाटते. तथापि ज्या मापांवर ती उभी आहे, त्यांचा उगम पाहता ती व्यक्तीच्या पात्रतेसाठी निर्माण झालीच नव्हती, असे दिसून येते. या मापांचा मूळ हेतू कोणता होता आणि त्याचे विस्मरण झाल्याने काय घडले, याचा संक्षेपाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रौढांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे दाखविले. त्यांना शोध होता तो 'सरासरी मनुष्या'चा. रोगी व निरोगी यांचा निवाडा करणे हे त्यांचे प्रयोजन नव्हते. पुढे अमेरिकेतील विमागणितज्ञ व विमा कंपन्यांचे वैद्यकीय संचालक यांच्या संघटनांनी १९१२ साली विमेदारांच्या मृत्युमानाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील उंची-वजनाची कोष्टके समूहाची जोखीम अजमावण्यासाठी उपयुक्त होती. परंतु विम्याच्या कचेरीतून ती दवाखान्यात व लष्करी भरतीच्या तपासणीत शिरली, आणि समूहाचे माप व्यक्तीच्या माथी बसले.

या मापातील दोष १९४२ साली स्पष्टपणे उघड झाला. अमेरिकन नौदलातील वैद्य आल्बर्ट बेंकी हे पाणबुड्यांच्या व्याधींचा अभ्यास करीत होते. नायट्रोजन वायू पाण्यापेक्षा मेदात सुमारे पाचपट विरघळतो. यास्तव पाणबुड्याच्या देहात मेद किती, हा त्यांच्यापुढील व्यावहारिक प्रश्न होता. त्यांनी आर्किमिडीजच्या तत्त्वाचा आश्रय घेतला. मनुष्यास हवेत व पाण्याखाली तोलून, फुप्फुसांतील हवेची वजावट करून, देहाची घनता काढावयाची. मेद हलका, तर स्नायू व अस्थी जड. म्हणून घनता जितकी अधिक, तितका मेद कमी. बेंकी व त्यांचे सहकारी वेलहम यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू या रीतीने तपासले. प्रचलित कोष्टकांनुसार त्यांपैकी १७ जण अतिवजनामुळे लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात त्यांचे वजन मेदाचे नसून मुख्यतः स्नायूंचे होते. जे देशातील सर्वांत बलिष्ठ पुरुषांत गणले जात, त्यांनाच कोष्टक अपात्र ठरवीत होते.

ही नवी रीतही गृहीतकांपासून मुक्त नव्हती. घनतेवरून मेद काढण्याच्या सूत्रात मेदाची घनता ०.९० व मेदरहित देहाची १.१० धरलेली असते. अस्थी विशेष घन असल्यास उत्तर चुकते. शिवाय पाण्याचे टाके गावोगावी नेता येत नाही; तराजू नेता येतो. अँसेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली पाच देशांतील सुमारे ७,४०० पुरुषांची मापे तपासून केतले यांच्या गुणोत्तरास 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले, ते या सोयीच्या विचारानेच. समूहाच्या अभ्यासासाठी त्यांनी ते सुचविले होते. व्यवहारात मात्र ते पुन्हा व्यक्तीस लावले गेले.

या मापाची दुसरी चूक, म्हणजे अपात्रास पात्र ठरविणे, पुण्याच्या संशोधनातून प्रकर्षाने पुढे आली. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के आढळला. त्यापूर्वी २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुणे परिसरातील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो भरले होते. मात्र येथील कृश बालकांत स्नायू कमी असूनही मेद त्या मानाने टिकून होता. मधुमेहाच्या दृष्टीने हे अंतर गंभीर आहे. कारण वजन योग्य असल्याचे समाधान त्या मनुष्यास तपासणीपासूनच दूर ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली आशियाई लोकसमूहांसाठी २३ हा खालचा टप्पा सुचविला, त्यामागे हाच अनुभव होता.

सारांश, फुटबॉलपटूंवरील अन्याय व कृश दिसणाऱ्यांची उपेक्षा ही एकाच चुकीची दोन रूपे होत. तराजू देहाचे ओझे सांगतो. ते ओझे कशाचे आहे हे सांगणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. म्हणून कोणतेही प्रमाणकोष्टक व्यक्तीस लावण्यापूर्वी ते कोणी, कोणाच्या मापांवरून व कशासाठी रचले, हे विचारणे अभ्यासकाचे प्रथम कर्तव्य ठरते.