चित्तेवानाचे नाव

कागलच्या ज्या माळावर आज पंचतारांकित एमआयडीसी उभी आहे, त्या मुलखाची एक जुनी गोष्ट. कोल्हापूर संस्थानात काळविटावर चित्ता सोडून होणारी शिकार नावाजलेली होती. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता छकड्यातून नेत. छकड्याला हरणे बुजत नसत. टोपी काढली की झडप! पण ते जनावर माणसाळविण्यासाठी चित्तेवान महिनोन् महिने त्याच्याजवळ राही. देशी चित्ते दुर्मिळ झाले, तेव्हा आफ्रिकेतून आणविले. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या कायद्याने काळविटास अभय मिळाले. चित्तेवानाचा हुन्नर मात्र मुकाट्याने गेला. शिकारीच्या छायाचित्रांत राजा ओळखू येतो. चित्तेवानाचे नाव शोधताना आम्हांला हजेरीपटाबाहेर राहिलेला कंत्राटी कामगार आठवतो. इतिहासाचा हजेरीपट आपणच पुरा केला पाहिजे.