सेमाडोहच्या जंगलातले रॉ फोटो: कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या सेमाडोहला सागाच्या सावलीत काढलेला फोटो बऱ्याचदा काळपट येतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 छटा मावतात, तर 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये उजेडाच्या 16,384 पायऱ्या. म्हणून अंधारातला तपशील रॉमधून बराचसा वर काढता येतो.

सॉफ्टवेअर घेताना आधी पाहा, ते तुमच्या कॅमेऱ्याची फाइल उघडते का. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट आहेत, पण आपापल्याच कॅमेऱ्यांसाठी. डार्कटेबल आणि रॉथेरपीही फुकट. त्यांना बहुतेक कंपन्यांच्या फाइली चालतात. डार्कटेबल शिकायला मात्र चिकाटी लागते. लाइटरूम सोपे, पण वर्गणी भरत राहावी लागते. नव्या कॅमेऱ्याची फाइल जुन्या सॉफ्टवेअरात उघडत नसेल, तर अडोबीचे मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरा. मूळ फाइल मात्र पुसू नका; वन्यजीव छायाचित्रांच्या स्पर्धांत ती अनेकदा मागतात.