मधपेटीतील फुटवा

माघ सरताना सह्याद्रीच्या परिसरात शेवगा, करंज आणि पुढे जांभूळ फुलू लागते. अंगणातील देशी सातेरी माश्यांच्या पेटीत परागाची आवक वाढते, राणीमाशी झपाट्याने अंडी घालते आणि शिशुकोठी भरून जाते. हे सुचिन्ह खरे. परंतु निम्मी वसाहत गमावण्याची भीती नेमकी याच दिवसांत असते.

जागा अपुरी पडली की कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे बांधतात. अंडे घातल्यापासून साधारण ८ व्या दिवशी राणीघराचे तोंड बंद होते. त्याच सुमारास जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन घर सोडते. म्हणून आठवड्यातून एकदा, ऊन तापल्यावर, पोळ्यांच्या कडा पाहाव्यात. राणीघरे नुसती मोडून भागत नाही, ती पुन्हा बांधली जातात. वेळीच वर मधकोठी चढवावी. राणीघरे दिसलीच तर जुनी राणी काही चौकटींसह दुसऱ्या पेटीत हलवून वसाहतीचे विभाजन करावे.

मात्र वारंवार हाताळणी नको. सातेरी बुजरी असते. फार छेडल्यास सारी वसाहतच निघून जाते. मध काढताना शिशुकोठीतील साठ्याला हात लावू नये. पावसाळ्यात फुलोरा आटल्यावर माश्या त्यावरच जगतात.