धाप लागते, मग चालायचं कशाला?

हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी लिहून देतोय.

गोंदिया म्हणजे धानाचा जिल्हा. भात गिरण्यांची धूळ, तेंदूपत्त्याची बिडी, चुलीचा धूर, सगळं ओळखीचं. बिडी न ओढणाऱ्यांनाही धुरामुळे सीओपीडी होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, धाप लागते. घरचे म्हणतात, "बाबाजी, बसून राहा ना जी!"

एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे. पण इंग्लंडच्या फ्रिमली सॅनेटोरियममध्ये १९०५ पासून डॉ. मार्कस पॅटरसन यांनी टीबीच्या पेशंटना पायरीपायरीने कामाला लावलं. आधी चालणं, मग टोपल्या वाहणं, मग फावडं. पुढे १९५२ मध्ये अमेरिकेत डॉ. अल्व्हन बॅराक यांना दिसलं, की ऑक्सिजन लावून चालवलेल्या फुफ्फुसाच्या पेशंटची धाप हळूहळू कमी होते. तरी "आराम करा" काही सुटलं नाही.

फरक मोजायचा कसा? १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी अमेरिकी हवाई दलासाठी १२ मिनिटं धावण्याची चाचणी आणली. १९७६ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी धावण्याऐवजी पेशंटना चालायला लावलं. १२ मिनिटांत आजारी माणूस पार थकायचा. १९८२ मध्ये दिसलं, सहा मिनिटंही पुरतात. आता ही चाचणी जगभर होते. लागतं काय? ३० मीटरचा सपाट व्हरांडा आणि घड्याळ.

गंमत म्हणजे, व्यायामाने फुफ्फुस दुरुस्त होत नाही, सुधारतात ते पाय! बसून बसून मांड्या सुकतात. मग थोड्या चालण्यानेही रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढतं आणि श्वास आणखी फुलतो. डॉ. रिचर्ड कॅसाबुरी यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की व्यायामानंतर तेवढ्याच कामाला ॲसिड कमी बनतं, श्वासही कमी लागतो. २०१५ मध्ये कॉक्रेनने ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. धाप कमी, चालणं जास्त. एवढा पुरावा पुरेसा आहे, असंच तिथे ठरलं.

म्हणून घरच्या आजोबांना खाटेवर बसवून ठेवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, औषध सुरू ठेवा, चुलीपासून आणि बिडीपासून दूर ठेवा. मग त्यांच्यासोबत बांधीपर्यंत चाला, दम लागला की थांबा, पुन्हा निघा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र चालणं बंद आणि थेट दवाखाना.

भेटू पुढच्या भागात!