अरौकाना: एका कोंबडीची नावं

1921 साली हेग शहरात कुक्कुटपालनाची पहिली जागतिक परिषद भरली. तिथे साल्वादोर कास्तेयो या स्पॅनिश प्राध्यापकाने जमलेल्या तज्ज्ञांपुढे एक नवीच कोंबडी मांडली. बार्सिलोनाजवळच्या आरेन्य्स द मार या गावात त्याने कुक्कुटविद्येची शाळा काढलेली होती, त्यामुळे त्याचा शब्द हलका नव्हता. ही कोंबडी त्याने 1914 साली चिलीच्या दौऱ्यात पाहिली होती. तिला शेपूट नव्हतं. दोन्ही कानांशी पिसांचे झुबके बाहेर आलेले होते. आणि तिची अंडी निळी होती: टरफलावर निळसर छटा असलेली नव्हेत, चांगली निळी. कास्तेयोने निष्कर्ष काढला, की जगातल्या इतर कोंबड्यांहून ही वेगळी प्रजातीच आहे, आणि तिला लॅटिन नाव दिलं, ‘गालुस इनाउरिस’. इनाउरिस म्हणजे कानातलं. कर्णफुलांची कोंबडी.

नाव सुंदर होतं, पण टिकलं नाही. ही कोंबडी नेहमीच्या कोंबड्यांशी सहज संकर पावते आणि तिच्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात, तेव्हा वेगळी प्रजाती म्हणण्याला आधार उरत नाही. 1924 साली बार्सिलोनाच्या दुसऱ्या परिषदेत खुद्द कास्तेयोनेच आपलं म्हणणं मागे घेतलं. तोवर मात्र ‘दक्षिण अमेरिकेची स्वतःची कोंबडी’ ही कल्पना जगभर पोचली होती, आणि एकदा पोचलेली कल्पना मागे घेता येत नाही. भाषांतराच्या धंद्यात हा अनुभव रोजचा आहे. चुकीचा प्रतिशब्द एकदा रूढ झाला, की शुद्धिपत्र कोणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की कास्तेयोने पाहिलेली कोंबडी मुळात एक नव्हतीच. दक्षिण चिलीतल्या मापुचे लोकांच्या अंगणांत दोन वेगळ्या कोंबड्या होत्या आणि त्यांना वेगळी नावं होती. बिनशेपटीची ती कोयोंका. कानांशी झुबके असलेली ती केत्रो. तिला शेपूट असायचं. रुबेन बुस्त्रोस नावाच्या चिलियन हौशी पालकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दोघींचा संकर करत नेला आणि दोन्हींची वैशिष्ट्यं एकाच पक्ष्यात आणली. कास्तेयोपुढे आली ती ही बुस्त्रोसची कोंबडी. म्हणजे युरोपने ज्या पक्ष्याला आदिम, अस्सल, अस्पर्श मानलं, तो एका हौशी माणसाने घडवलेला होता. अस्सलपणाच्या अशा कथा साहित्याच्या इतिहासात आपण किती पाहिल्यात!

बुस्त्रोसच्या काळाकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे. बिओबिओ नदीच्या दक्षिणेचा मापुचे मुलूख स्पेनला कधीच पुरता जिंकता आला नाही. 1641 साली किलीनच्या तहात स्पेनच्या राजाच्या वतीने ती नदी सरहद्द म्हणून मान्य करावी लागली. स्पेनला जमलं नाही ते स्वतंत्र चिली देशाने केलं. 1861 ते 1883 या काळात चिलीच्या सैन्याने तो मुलूख घेतला, आणि सरकारी कागदांत त्या मोहिमेचं नाव पडलं ‘अरौकानियाचं शांतीकरण’. त्यानंतर मापुचे कुटुंबांना तुकड्या-तुकड्यांत बसवण्यात आलं आणि त्यांच्याकडे राहिली सुमारे पाच लाख हेक्टर जमीन. आधीच्या मुलखाचा अगदी लहानसा भाग. कोयोंका आणि केत्रो अंगणातून उचलून एका कोंबडीत मिसळल्या गेल्या, त्या याच वर्षांत. कोंबडीच्या जातींवरच्या पुस्तकांत बुस्त्रोसबद्दल एखादा परिच्छेद मिळतो. शांतीकरणाबद्दल ओळसुद्धा मिळत नाही.

आणि ‘अरौकाना’? मापुचे स्वतःला अरौकान म्हणत नाहीत. मापु म्हणजे जमीन, चे म्हणजे माणसं. मापुचे म्हणजे जमिनीची माणसं. अरौको हे तिथल्या एका भागाचं नाव स्पॅनिश लोकांनी ऐकलं आणि तिथल्या सगळ्यांना लावलं. ते युरोपभर गाजलं एका महाकाव्यामुळे. आलोन्सो द एर्सिया हा सैनिक 1557 साली चिलीत लढायला आला आणि ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्याच शौर्यावर त्याने ‘ला अरौकाना’ लिहिलं. 1569, 1578 आणि 1589 अशा तीन वेळी त्याचे तीन भाग छापले गेले. ‘दोन किहोते’मध्ये धर्मगुरू आणि न्हावी मिळून दोन किहोतेची पुस्तकं जाळतात, तेव्हा जी थोडी वाचवली जातात त्यांत हे एक आहे. शत्रूला नायकाची जागा देणारं महाकाव्य म्हणून तौलनिक साहित्याच्या वर्गात ते आजही शिकवलं जातं. पण त्या शत्रूचं नाव कवीने आपल्या भाषेतलं ठेवलं. साडेतीनशे वर्षांनी तेच नाव कोंबडीला मिळालं.

शब्दांवरून या कोंबडीचा इतिहास शोधायचा पहिला प्रयत्न एका पाद्र्याचा आहे. होसे द आकोस्ता पेरूमध्ये बरीच वर्षं राहिला. 1590 साली छापलेल्या ग्रंथात त्याने म्हटलं, की स्पॅनिश येण्याआधी इथे कोंबड्या असल्या पाहिजेत, कारण इथल्या लोकांकडे त्यांच्यासाठी स्वतःचे शब्द आहेत: कोंबडीला ग्वाल्पा, अंड्याला रोन्तो. युक्तिवाद साधा आणि मोहक आहे. वस्तू बाहेरून आली तर शब्दही बाहेरून येतो. शब्द घरचा, तर वस्तूही घरची. आपण बटाटा आणि पाव यांच्याबाबत असंच बोलतो. मग आपल्याकडे मिरची आहे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली, पण तिला पोर्तुगीज नाव चिकटलं नाही. आपण जुन्या मिऱ्यांच्या नावातून तिचं नाव घडवलं आणि ती घरची करून टाकली. आकोस्ताने मिरचीचं मराठी नाव ऐकलं असतं, तर तीही इथलीच ठरवली असती.

ग्वाल्पाची एक निराळी हकीकत गार्सिलासो द ला वेगाने सांगितली आहे. हा 1539 साली कुस्कोत जन्मला. आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश. त्याच्या मते कोंबडी स्पॅनिशांबरोबरच आली. कोंबडा आरवला की लोकांना त्यात आताउआल्पा हे नाव ऐकू यायचं. आताउआल्पा म्हणजे तो इंका राजा, ज्याला स्पॅनिशांनी 1533 साली काहामार्कात ठार केलं. आपण आणि आपले शाळासोबती कोंबड्याच्या सुरात ते नाव गायचो, असं गार्सिलासो लिहितो. मारलेल्या राजाचं नाव रोज पहाटे गावोगाव आरवलं जातंय! हे भाषाशास्त्र म्हणून कितपत खरं, हा प्रश्न निराळा. पण पराभव पचवणाऱ्या लोकांचं कान देऊन ऐकणं म्हणून मला ते आकोस्ताच्या तर्कापेक्षा जास्त खरं वाटतं.

मापुदुंगुन, म्हणजे मापुचे भाषेत, कोंबडीला आचावाल म्हणतात. तो शब्द उत्तरेकडून, केचुआ भाषेतल्या याच नावातून आला असावा, असं सहसा मानलं जातं. स्वीडिश मानववंशशास्त्रज्ञ एरलांड नॉर्डेनशोल्डने 1922 साली दक्षिण अमेरिकेतल्या भाषांमधले असे शब्द नकाशावर मांडले आणि दाखवलं, की युरोपीय माणूस जिथे पोचला नव्हता तिथेही कोंबडी आणि तिचं नाव हातोहात आधीच पोचलं होतं. घरचा वाटणारा शब्द शेजाऱ्याकडून आलेला असू शकतो. या धाग्याचं एक टोक भारतापर्यंतही ओढलं गेलं आहे. कोलंबसाआधी समुद्रापलीकडचे संबंध होते असं मानणाऱ्या लेखकांनी आरावाक भाषेतला कोंबडीचा ‘काराका’ हा शब्द आपल्या कडकनाथाशी जोडला. झाबुआकडचा तो काळ्या मांसाचा कोंबडा, 2018 साली ज्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. ऐकायला गंमत वाटते, पण दोन शब्दांचा आवाज जुळणं म्हणजे नातं नव्हे. त्यातून कोंबडीच्या नावांत तर तिचाच कलकलाट असतो; ते जगभर एकमेकांसारखे वाजले तर नवल काय?

मग शब्द बाजूला राहिले आणि हाडं पुढे आली. चिलीच्या अरौको द्वीपकल्पावर एल आरेनाल नावाचं उत्खननस्थळ आहे. तिथे कोंबडीची हाडं सापडली, आणि 2007 साली ॲलिस स्टोरी आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं, की त्यांतल्या एका हाडाचा काळ 1304 ते 1424 यांच्या दरम्यानचा आहे आणि त्याचा डीएनए टोंगा व सामोआ बेटांवरच्या जुन्या कोंबड्यांशी जुळतो. म्हणजे कोलंबसाच्या आधी पॉलिनेशियन खलाशी होड्यांतून कोंबड्या घेऊन चिलीच्या किनाऱ्याला लागले होते. बातमी जगभर गेली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने आक्षेप घेतला: जुळलेला डीएनए जगातल्या बहुतेक कोंबड्यांत सापडणाराच आहे, आणि पक्ष्याच्या खाण्यात समुद्रातलं अन्न असेल तर कार्बनची तारीख खऱ्यापेक्षा जुनी दिसते. स्टोरींच्या गटाने उत्तर दिलं. 2014 साली तिसऱ्या अभ्यासाने जुन्या नमुन्यांत आधुनिक डीएनए मिसळल्याची शंका काढली. वाद अजून मिटलेला नाही.

मला या वादापेक्षा त्यातली घाई खटकते. निळ्या अंड्याचा प्रश्न सतत याच हाडाशी बांधला जातो: कोंबडी कोलंबसाआधीची ठरली, तर ती मापुचेंची, नंतरची ठरली, तर स्पेनची. असा हिशेब घोड्याबाबत कोणी मांडत नाही. घोडा नक्कीच स्पॅनिशांबरोबर आला, आणि मापुचेंनी तो थोड्याच वर्षांत इतका आत्मसात केला की त्याच घोड्यावर बसून त्यांनी स्पेनला बिओबिओपलीकडे थोपवलं. गहू आणि मेंढ्या यांचंही तेच. आलेली वस्तू आपली करायला तीनशे वर्षं त्यांना पुरेशी होती. ती तीनशे वर्षं ते स्वतंत्र होते.

2013 साली जनुकशास्त्रज्ञांनी निळा रंग कुठून येतो ते शोधलं, तेव्हा या मुद्द्याला अनपेक्षित बळ मिळालं. त्याआधी 1933 साली केंब्रिजच्या आर. सी. पनेटने दाखवलं होतं, की निळं अंडं हा प्रभावी गुण आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. हा रंग म्हणजे बिलिव्हर्डिन, रक्तातल्या हीमच्या विघटनातून तयार होणारं हिरवट-निळं द्रव्य. तपकिरी अंड्याचा रंग टरफलावर शेवटी चढतो, खरवडला तर निघतो; निळा रंग टरफलात आरपार असतो. 2013च्या शोधात दिसलं, की फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात जाऊन बसला आणि त्यामुळे एरवी यकृतात काम करणारं एक जनुक टरफल बनवणाऱ्या ग्रंथीतही चालू झालं. चीनमध्येही डोंगश्यांग आणि लुशी अशा निळ्या अंड्यांच्या कोंबड्या आहेत. त्यांच्यातही त्याच विषाणूचा तुकडा आहे, पण बसलाय शेजारच्या, वेगळ्या जागी. म्हणजे ही घटना दोनदा घडली, दोन जागी, एकमेकींचा पत्ता नसताना. आशियातून निळं अंडं चिलीत आलं ही कल्पना इथे कोसळते. कोंबडी कुठूनही आलेली असो, तिच्यातला हा निळा रंग चीनचा नाही. आणि एका कोंबडीत झालेला अपघात आपोआप जात बनत नाही. कोणीतरी, बहुधा एखाद्या बाईने, निळी अंडी खायला न काढता खुडूक कोंबडीखाली ठेवली असणार, आणि तिच्या मुलीनेही.

त्या बाईला ती का आवडली असतील, याची नोंद कोणी केलेली नाही. मापुदुंगुनमध्ये निळ्याला काल्फु म्हणतात आणि त्या रंगाचं मापुचे जगण्यातलं स्थान पवित्र आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पाम्पाच्या बलाढ्य प्रमुखाचं नाव काल्फुकुरा होतं, निळा दगड. 2020 साली चिलीचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळालेला मापुचे कवी एलिकुरा चिउआइलाफ याच्या 1995च्या संग्रहाच्या नावातही निळी स्वप्नं आहेत. अंड्याला मापुदुंगुनमध्ये कुराम म्हणतात. कुरा आणि कुराम यांचं काही नातं आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं, तर आकोस्ताच्या पंगतीत बसावं लागेल. पण हे दोन शब्द शेजारी ठेवून वाचायला मला आवडतं.

पुढची गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या कुक्कुट संघटनेने 1976 साली अरौकानाला मान्यता दिली आणि मानक ठरवलं: शेपूट नको, झुबके हवेत. हे बुस्त्रोसच्या मिश्रणाचंच मानक. त्यातही झुबक्यांच्या जनुकाची एक अडचण आहे. आईबाप दोघांकडून ते आलं, तर पिल्लू अंडं फोडून बाहेर यायच्या काही दिवस आधी आतच मरतं. झुबकेवाल्या जोडीची सुमारे चौथा हिस्सा पिल्लं अशी जातात. बिनशेपटीच्या कोंबड्यांत अंडी फळण्याचं प्रमाणही कमी. मापुचे अंगणांत सगळ्या तऱ्हेच्या कोंबड्या एकत्र चरत, म्हणून हा मार फारसा बसत नसे. मानकाने तो पिंजऱ्यात कोंडून पक्का केला. त्यावर तोडगा म्हणून अमेरिकेतल्याच पालकांनी शेपूट असलेली, बिनझुबक्यांची, दाढी-कल्ले असलेली, पण निळी अंडी घालणारी दुसरी जात घडवली. 1984 साली तिलाही मान्यता मिळाली. तिचं नाव त्यांनी अमेरिका आणि अरौकाना हे शब्द जोडून ठेवलं: अमेरौकाना.