नवाखा : कमरेच्या शेल्यातून काचेच्या पेटीत

स्पेनच्या 1993 च्या शस्त्रनियमावलीत एक चमत्कारिक सवलत आहे. घडीच्या चाकूचे पाते 11 सेंटिमीटरहून लांब असेल, तर तो निषिद्ध शस्त्रांत मोडतो. मात्र बटण दाबताच आपोआप उघडणारा तो नसेल, तर शोभेसाठी आणि संग्रहासाठी, केवळ स्वतःच्या घरात, तो ठेवण्यास मुभा आहे. पोलाद तेच, मूठ तीच. घराचा उंबरठा ओलांडला की संग्राहकाचा गुन्हेगार होतो. शस्त्र बाळगणे आणि शस्त्र जमवणे यांतील ही रेषा एका दिवसात आखली गेलेली नाही. तिच्यामागे ‘नवाखा’ या चाकूचा निदान अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

नवाखा हा शब्द वस्तऱ्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दातून आला. पाते मुठीत मिटणारा हा चाकू मुळात कष्टकऱ्यांचा. भाकर-चीज कापणे, दोर तोडणे, काठी तासणे ही त्याची रोजची कामे. परंतु साध्या घडीच्या चाकूने भोसकता येत नाही. जोर लावताच पाते उलटून बोटांवर मिटते. उघडलेले पाते पक्के धरून ठेवणारा खटका बसवला, की हेच अवजार हत्यार बनते. पुढे काही नवाख्यांना दातेरी खटका आला. पाते उघडताना त्याचा ‘करकर’ असा आवाज होई, आणि समोरच्याला तेवढीच सूचना पुरे होई.

हा फरक राज्यकर्त्यांनीही नेमका ओळखला होता. तिसऱ्या कार्लोस राजाने 1761 मध्ये काढलेल्या आज्ञेत खंजीर आणि आखूड नळीची पिस्तुले यांच्या जोडीला खटक्याच्या नवाख्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. टोकदार सुरी स्वयंपाकघरातली असली तरी तीही वर्ज्य ठरवली गेली. शिक्षा मात्र माणूस पाहून ठरे : सरदार-दरकदारांना सहा वर्षे लष्करी ठाण्यावर कैद, सामान्यांना तितकीच वर्षे खाणीत मजुरी. तलवार ही प्रतिष्ठितांची खूण होती. ज्याच्या कमरेला तलवार शोभणार नाही, असा माणूस शेल्यात नवाखा खोचत असे. त्यामुळे ही बंदी कागदावर सर्वांना होती, तरी तिचा काच कोणाला बसला असेल हे सांगायला नको.

2 मे 1808 रोजी माद्रिदचे लोक नेपोलियनच्या फौजेवर चाकूसुऱ्या घेऊन तुटून पडले. गोयाने 1814 मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात तो क्षण आहे. फ्रेंच सेनापती म्युराने आज्ञा काढली : ज्याच्याजवळ शस्त्र सापडेल त्याला गोळी घाला. मानुएला मालासान्या ही तरुणी त्या दिवशी मारली गेली. शिवणकामाची कात्री जवळ सापडल्यामुळे तिला ठार केले, अशी तिच्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी एक कथा आहे. कथा कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ती टिकून का राहिली हे कळते. शस्त्र कशाला म्हणायचे हे झडती घेणारा ठरवतो, हा अनुभव लोकांच्या ओळखीचा होता.

मात्र नवाख्याला केवळ दुबळ्यांचा पाठीराखा म्हणणे भाबडेपणाचे होईल. 1849 मध्ये माद्रिदमध्ये नवाख्याच्या झुंजीचे एक निनावी हस्तपुस्तक छापले गेले. पवित्रे कसे घ्यावेत, डाव्या हातातील अंगरख्याची ढाल कशी करावी, हे त्यात रीतसर शिकवले आहे. पण पुस्तकाच्या नावातला ‘बारातेरो’ म्हणजे कोण? जुगाराच्या अड्ड्यावर चाकूच्या धाकाने जिंकणाऱ्यांकडून हिस्सा उकळणारा गुंड. स्वसंरक्षणाची विद्या आणि खंडणीची विद्या एकच होती.

याच सुमारास नवाखा परक्यांच्या नजरेत भरला. मेरिमेची ‘कार्मेन’ 1845 मध्ये आली, तिच्यावरचा बिझेचा ऑपेरा 1875 मध्ये. चाकू, मत्सर आणि अंदालुसिया यांची सांगड युरोपच्या मनात पक्की बसली. 1855 मध्ये चाकूंसाठी नावाजलेल्या अल्बासेते गावी रेल्वे पोहोचली. रुंद कातडी पट्ट्यांत चाकू खोचून फिरणारे विक्रेते स्टेशनवर गाड्यांची वाट पाहू लागले. ‘माझा धनी चिरायू होवो’ असे कोरलेले पाते आता असा धनीही विकत घेई, ज्याला ते कधीच उघडायचे नव्हते. नवाखा जमवण्याच्या वस्तूंत गेला तो प्रथम इथे, फलाटावर, असे म्हणता येईल. 2004 मध्ये त्याच गावात चाकूंचे संग्रहालय उघडले.

आपल्याकडचे चित्र फार वेगळे नाही. भारतीय शस्त्रनियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती वा उद्योगासाठी बनवलेले तेवढे वगळले आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली तात्पुरत्या आदेशाने चाकूच काय, काठी घेऊन फिरण्यासही मनाई करता येते. ज्या रामपुरी चाकूने हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांचे हात कधी रिकामे राहू दिले नाहीत, त्याची सुमारे 20 फुटी प्रतिकृती 2023 मध्ये रामपूरच्या एका चौकात उभी राहिली. खिशात नको असलेली वस्तू चौथऱ्यावर मात्र गावाची शान ठरली.

बाळगणाऱ्याला आणि जमवणाऱ्याला वेगळे तोलणे अन्यायाचे नाही. खिशात चाकू असला की शिवीगाळीवर मिटणारे भांडण मुडद्यावर जाते, आणि जो भीतीपोटी चाकू बाळगतो त्याच्या हातूनही तेच घडते. पण या तोलण्यात एक खोट राहते. चाकू जवळ ठेवण्याची त्या वेळी खरोखर गरज होती का, हे ठरवणे स्पॅनिश नियमांनी अधिकाऱ्याच्या तारतम्यावर सोडले आहे; आणि तारतम्य माणसाचा पोशाख, वस्ती आणि बोली पाहते. 1761 च्या आज्ञेत वर्गभेद लिहिलेला होता, आज तो लिहावा लागत नाही.

संग्रहाचीही एक जबाबदारी आहे. काचेआड शिंगाची मूठ आणि पितळी नक्षी दिसते; खाणीत पाठवलेला मजूर, बारातेरोने लुबाडलेला जुगारी आणि पात्याखाली गेलेला माणूस दिसत नाही. नवाखा कपाटात गेला हे बरेच झाले. त्याच्या शेजारच्या चिठ्ठीवर कारागिराच्या नावाबरोबर तो कोणाच्या हातात होता आणि कोणावर उगारला गेला, याचीही एक ओळ असावी. एवढी नोंद असेल तरच तो संग्रह. नाहीतर ती नुसती शोभा.